पाठमोऱ्या बाया

“डाव्या टोकाची ती मुलगी, कडेवरचं पोर जरा खाली ठेव बघू,” काळ्या फडक्याच्या आतून फोटोवाला म्हणाला आणि सगळ्या मुली फिसकन हसल्या, कारण डाव्या टोकाला मथुरा उभी होती आणि तिच्या कडेवर पोर नव्हतंच. पोर घरी होतं, पेठकिल्ल्यात, आत्याजवळ. या वेळी बहुतेक पेज तोंडापेक्षा अंगालाच जास्त फासून घेत असेल. मथुराच्या कडेवर होती ती शाळेच्या अंगणातली हवा आणि मूठभर कोवळं ऊन. फोटोवाल्याने डोकं बाहेर काढलं, डोळे मिचकावले, तिच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि खिशातली वस्तू कुणी काढून घ्यावी तसा तो गोंधळला. “आत सगळं उलटं दिसतं,” तो म्हणाला, “पण पोर होतं खरं.” पुन्हा हशा पिकला. मालिनीबाई खुर्चीतून न वळता म्हणाल्या, “सरळ उभी राहा गो मथुरा.” आता गंमत अशी की मथुरा सरळच उभी होती. निदान तिला तसं वाटत होतं. तिने खाली पाहिलं तेव्हा कळलं, की आपली डावी कंबर दुकानाच्या फळीसारखी बाहेर आली आहे, डावा हात अर्धं कडं होऊन हवेला कवटाळून बसला आहे आणि मान उजवीकडे कलली आहे, जशी कडेवरच्या पोराच्या मुठीतून वेणी वाचवताना कलते. तिने कंबर आत घेतली, तर होडीतून एका बाजूने माणूस उतरल्यावर होडी कलंडते तशी ती कलंडू लागली. “हलू नका,” फोटोवाला म्हणाला. त्या ‘हलू नका’मध्ये कंबर हळूच पुन्हा बाहेर गेली.

मग दिवसभर ते नसलेलं पोर तिच्या कडेवरून उतरेना. भूगोलाच्या तासाला बसलं, कवायतीला उभं राहिलं, पाणी प्यायला रांजणापाशी गेलं. इतकी वर्षं ते तिथं होतंच की, फक्त कुणी बोट दाखवलं नव्हतं. आधी आत्याची धाकटी होती, मथुरा स्वतःच जेमतेम कमरेएवढी असताना; मग शेजारचं, मग आणखी कुणाचं, आणि आता बाबल्या, तिचा सख्खा भाऊ, दोन दातांचा, माशासारखा निसटणारा. पोरं बदलत गेली, कंबर तीच राहिली. घराच्या भिंतीत दिव्यासाठी कोनाडा असतो तसा तिच्या अंगात पोरासाठी एक कोनाडा होता, आणि कोनाडा कसा, दिवा काढून घेतला तरी काळाच राहतो. तिला ते वाईट वाटलं असं नाही. उलट आत कुठंतरी गुदगुल्या झाल्या. बाबल्याला न आणताही तो फोटोत आला, या विचाराने ती चिंचेच्या सावलीत एकटीच हसली. पण हसता हसता तिच्या लक्षात आलं की पाणी ती उजव्याच हाताने पिते, दार उजव्याच हाताने ढकलते, पडलेली पेन्सिल उजव्याच हाताने उचलते. डावा हात नुसता वाट बघत लोंबत असतो. त्याला कुणी काही शिकवलंच नव्हतं.

मालिनीबाईंनी सुट्टीनंतर तिला थांबवून घेतलं. बाई झाडगावच्या बागायतदारांच्या घरातल्या, चष्म्याच्या, बोलणं मोजकं. “तुझी आत्या जाते म्हणे गुहागरला?”

“होय बाई. उद्या. तिच्या लेकीचं बाळंतपण आहे. मग पोर मोठं होईस्तो तिकडेच.”

“आणि तुझी आई सकाळी बाजारात. मग बाबल्या?”

मागे आत्या तापाने पडली होती तेव्हा मथुरा बाबल्याला कडेवर घेऊन शाळेत आली होती, आणि ते दोघींनाही आठवत होतं. डावा हात त्याच्याभोवती, उजव्यात टाक, कागद धरायला कुणीच नाही. खिडकीतून समुद्राचा वारा आला आणि श्रुतलेखनाचा कागद उडून दौतीत पडला, तिथून बाईंच्या लुगड्यावर. लुगडं धुतलं गेलं, पण डाग जांभळा होऊन राहिला. बाई ते लुगडं अजून नेसत आणि त्याबद्दल बोलत नसत.

“हे बघ,” बाई म्हणाल्या, “फायनलच्या परीक्षेला बसायचंय तुला. पुढे मास्तरीण व्हायचंय, हे तूच मला सांगितलंस, मी नाही विचारलं. पण एका हाताने शाळा होत नाही. सोमवारी दोन्ही हात घेऊन ये. मग मागच्या रांगेत कुणाचं पोर रडलं तर मला ऐकू येणार नाही. आणि हात मोकळे नसतील तर नाव काढून मोकळी हो. उगाच अर्धी अर्धी येऊ नकोस.”

अर्धी अर्धी. मथुरा उतारावरून घरी निघाली तेव्हा ते दोन शब्द तिच्या चपला नसलेल्या पायांखाली जांभ्याच्या खड्यांसारखे टोचत होते. खाली मांडवीच्या समुद्रात आगबोट उभी होती आणि पडाव माणसं घेऊन तिच्याकडे रांगत चालले होते. आगबोट दिसली की मथुराला बाबा दिसत. तिचे बाबा, धाकू खारवी, याच बोटीने मुंबईला जात आणि तिथून मोठ्या बोटीवर खलाशी होऊन पृथ्वीच्या पाठीवर कुठंही. वर्षाकाठी परत येत तेव्हा पेटीतून साबणाचा वास येई आणि तोंडातून गावंच्या गावं बाहेर पडत. मागच्या खेपेला त्यांनी ते कापड आणलं. लाल, काळ्या काठाचं, आणि अंगभर काजू. बाकदार, पोटुशे, अगदी आपल्या पावसच्या वाटेवर बोंडाखाली लोंबतात तसे काजू, आणि कापड मात्र मुंबासा बंदरातलं. मथुराला तेव्हा अंगावर काटा आला होता. समुद्राच्या पलीकडे कुणीतरी बसून आपल्याच काजूचं चित्र काढतं, आणि त्याला ठाऊकही नाही की मथुरा नावाची कुणी आहे.

“तिथल्या बाया पोर यात बांधतात,” बाबा ओटीवर बसून सांगत होते. “पाठीवर. डोईवर हारा, पाठीवर पोर, आणि हात दोन्ही मोकळे. हात हलवीत चालल्यात.”

“आणि तुमी बघत व्हतात,” आई म्हणाली. ती मासे निवडत होती आणि मान वर केली नव्हती.

“पाठीमागनं बघितलं गो. समोरून कसं बघणार? परमुलखातल्या झाल्या तरी लोकांच्या बायकाच ना.”

आत्या तोंडावर पदर घेऊन हसली. “धाकू, बायकोपण तू समोर न बघताच केलीस. तुझं सगळं तसंच.”

बाबांचं म्हणणं असं की हे सगळीकडे आहे, आपल्याकडेच नाही. जपानात, योकोहामाच्या धक्क्यावर, मथुराएवढ्या मुली पाठीवर भाऊ बांधून चेंडू खेळतात. चेंडू वर गेला की दोन डोकी वर बघतात. हाँगकाँगच्या खाडीत बाया होड्या वल्हवतात आणि वल्ह्याबरोबर पाठीवरच्या पोराची मान पुढं-मागं, पुढं-मागं, पोर मात्र ढाराढूर. कुठं पट्ट्याने बांधतात, कुठं चौकोनी कापडाला चार बंद असतात, कुठं हे असं नुसतं कापड. “आणि बांधतात कसं?” मथुराने विचारलं होतं. सगळं जग पाहिलेला माणूस, पण सगळं पाठमोरं. पुढच्या बाजूला काय असतं हे त्यांना माहीत नव्हतं. पण खलाशी तो खलाशी. त्यांनी कोपऱ्यातला भोपळा उचलला, पाठीवर टाकला, कापड गुंडाळलं आणि छातीवर अशी गाठ मारली की वादळात डोलकाठी मोडेल पण गाठ सुटणार नाही. अंगणात फेऱ्या मारल्या. भोपळा हलला नाही. मग काढायची वेळ आली, तर गाठही हलेना. वजनाने ती इतकी आवळली होती की आईने दात लावले, आत्याने नखं लावली आणि शेवटी जाळं विणायच्या सुईने ती उकलली, तोवर बाबा भोपळ्यासकट ओटीवर आडवे होऊन हसत होते. आई हसली नव्हती. “आत माझं पोर असतं आणि त्याचा जीव कोंडला असता तर?” ती म्हणाली, आणि कापड घडी करून पेटीच्या तळाशी गेलं. बाबा बोटीवर गेले. गोष्ट तिथंच राहिली.

रविवारी आत्या गेली. पडावात बसताना तिने बाबल्याचे इतके मुके घेतले की तो वैतागला, आणि मथुराच्या डोक्यावर हात ठेवून ती म्हणाली, “शाळा काय पळून जात नाय बाय.” पण शाळा पळूनच जाणार होती, उद्या सकाळी, हे मथुराला माहीत होतं आणि आत्यालाही माहीत होतं, म्हणून तर तिने तसं म्हटलं. घरी येऊन मथुराने पेटी उघडली. आई मागच्या दारी खारवलेले बांगडे उन्हात घालत होती. कापडाला अजून बोटीचा वास होता, तेलाचा आणि लांबचा. भोपळा नवीन होता, मागचा केव्हाच पोटात गेला होता. तिने तो बाबल्याच्या जागी पाठीवर घेतला, वाकली, कापड टाकलं, टोकं पुढे आणली आणि बाबांची गाठ नको म्हणून सुरगाठ मारली, एक टोक ओढलं की सुटणारी. ती उभी राहिली. केवढं नवल होतं ते. वजन मधोमध आलं होतं. कंबर आपोआप आत गेली, मान वर आली, आणि दोन्ही हात दोन्ही बाजूंना पंखांसारखे सुटे झाले. तिने ते हलवून पाहिले. ती अंगणात चालली, मग भराभर चालली, मग योकोहामाच्या मुलीसारखी एक उडी मारली, आणि सुरगाठीने जे करायचं तेच केलं. भोपळा जांभ्याच्या पायरीवर पडला आणि फुटला.

आई दारात उभी होती. ओणवी होऊन तिने भोपळ्याच्या फोडी सुपात गोळा केल्या, बिया वेगळ्या केल्या, त्यात गेलेली माती बोटाने काढली. बाबल्या रांगत आला आणि एक केशरी फोड तोंडात घालू लागला. आईने ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि तेवढ्यात म्हणाली, “बघितलंस ना.” बस. मथुराने कापड घडी केलं. ते पेटीत ठेवायला मात्र तिचा हात गेला नाही. न सुटणारी गाठ मारली तर आई नको म्हणणार आणि सुटणारी मारली तर देवच नको म्हणणार. मग तिथल्या बाया करतात तरी काय? त्यांची पोरं कोंडत नाहीत, पडतही नाहीत.

दुपारी बाबल्याला झोळीत घालून ती दोरी हलवता हलवता स्वतःच डुलकीत गेली. माजघरात भोपळ्याच्या भाजीचा वास होता, कौलातल्या काचेतून उन्हाची एक पट्टी उतरली होती आणि झोळीची दोरी कुरकुरत होती, डोलकाठी कुरकुरते तशी. मग ती दोरी लांबत गेली आणि समुद्र झाली. धक्क्यावर बाया चालल्या होत्या, एकामागून एक, पाठमोऱ्या. प्रत्येकीच्या पाठीवर पोर. काजूच्या लाल कापडातून पोरांची टाळू दिसे, चिखलातून बी वर यावी तशी, आणि पावलं दोन्ही बाजूंनी बाहेर, नुकत्या भाजलेल्या काजूंसारखी, उलटी टांगलेली. मथुरा एकीच्या पुढे जायला धावली. बाई वळली. मथुरा पुन्हा पुढे गेली, बाई पुन्हा वळली, आणि दिसली ती पाठच. “एकदा समोर बघू दे गो,” मथुरा म्हणाली, “मी बाईमाणूस, मला चालतं.” बाई हसली असावी, कारण पोर हललं. तिची पाठ ओळखीची होती. माथ्यावर हाऱ्याच्या चुंबळीने दबलेले केस, खांद्यावर खवल्यांचा एक चमकता कण. मथुराला वाटलं, आता हाक मारली की ही वळेल. पण काय म्हणून हाक मारायची ते आठवेना, आणि तेवढ्यात झोळीतलं पोर रडलं की धक्क्यावरचं ते न कळून ती जागी झाली.

सोमवारी उजाडताना आई बाजाराला निघायच्या तयारीत होती. मथुरा बाबल्याला मांडीवर घेऊन बसली होती, केस विंचरलेले, परकर धुतलेला, कशासाठी कुणास ठाऊक. आईने हारा भरला. लुगड्याचा काष्टा घट्ट ओढला. मग पानाची चंची, चुन्याची डबी, बाबल्यासाठी येताना काही मिळालं तर म्हणून रिकामं फडकं, असं सगळं लुगड्याच्या पुढच्या घोळात, ओच्यात घालून तिने ओच्याची टोकं पिळली, कापड दोनदा आत वळवलं आणि अंगठ्याने पोटाशी खोचलं. ती हे रोज करायची. मथुरा हे रोज बघायची. ओच्यात आई काजू आणायची, कैऱ्या आणायची, एकदा तर मांजराचं जिवंत पिल्लू आणलं होतं, टेकाड चढून, टेकाड उतरून, डोईवर हारा असताना. आणि घरी येऊन एक अंगठा आत घातला की सगळं मोकळं.

“आये,” मथुरा म्हणाली. आवाज तिचा तिलाच लांबून आल्यासारखा वाटला. “तुझ्या ओच्याला गाठ कुठाय?”

“ओच्याला कसली गाठ? कमरेला एक असते ती लुगड्याची.” आई हारा उचलायला वाकली. “ओचा काय, नुसता खोचायचा.”

“आणि सुटत नाय?”

“सुटला तर लोकं हसतील,” आई म्हणाली, आणि वाकलेलीच थांबली. तिचा अंगठा अजून पोटाशी होता. तिने त्याच्याकडे पाहिलं. मग मथुराच्या मांडीखाली घडी करून ठेवलेल्या लाल कापडाकडे पाहिलं. बाहेर शेजारीण हाक मारत होती, “जने, येतंस का नाय गो, बाजार उठेल,” आणि आई म्हणाली, “तू हो पुढं.” असं ती आजवर कधी म्हणाली नव्हती.

तिने हारा बाजूला केला. “वाक,” ती म्हणाली. मथुरा वाकली. बाबल्या पाठीवर आला, गरम आणि ओलसर, पेजेच्या वासाचा, आणि त्याने लगेच वेणी पकडली. कापड त्याच्या काखेखालून आलं. आईचे हात पुढे आले, मासळीच्या वासाचे, खरखरीत, आणि मथुराला पहिल्यांदा ती पुढची बाजू दिसली. आईने दोन्ही टोकं ओढली, इतकी की बाबल्याचं पोट आपल्या कण्याला चिकटल्यासारखं वाटलं. मग पिळली, वरचा काठ आत वळवला, पुन्हा वळवला, आणि अंगठ्याने खोचलं. आई डोळे मिटून करत होती. “ह्याला बघायची सवय नाय,” ती स्वतःशीच पुटपुटली, अंगठ्याबद्दल. मग तिने अंगठा आत घालून एका हिसक्यात ते सोडलं आणि दुसऱ्या हाताने बाबल्याला झेललं. पुन्हा बांधलं. पुन्हा सोडलं. “आता तू.” मथुराचं पहिलं ढिलं झालं, आईने हातावर चापट मारली. दुसरंही ढिलं. तिसरं बसलं. “वाक. उभी राहा. उडी मार. उडी मार म्हणतंय ना, काल मारलीस तशी.” मथुराने उडी मारली. बाबल्या हसला, एकटाच, तिच्या मानेत.

“पोराचं तोंड एका बाजूला ठेवायचं, नाकाला कापड लागता नये,” आई म्हणाली. “आणि आवाज नाय आला तर हात मागं नेऊन बघायचं.” मग तिने हारा डोईवर घेतला आणि दोघी निघाल्या. बाजाराची वाट खाली जाते, शाळेची वर. आईने वरची धरली. मथुरा पुढे, आई मागे. मथुराला दिसत नव्हतं, पण आईचा हात बाबल्याच्या खाली पसरलेला आहे, लागू न देता, हे तिला पाठीत कळत होतं. नाक्यावरचा न्हावी म्हणाला, “काय गो जने, पोरगीला गाढव केलंस काय?” आई म्हणाली, “गाढवाला दोन हात नसतात,” आणि चालत राहिली. ऊन मागून होतं. पुढे रस्त्यावर मथुराची सावली पडली होती, एका धडाला दोन डोकी, आणि तिच्या मागे हाऱ्याची एक सावली. त्या दोन्ही सावल्या पाठमोऱ्या चालल्या होत्या आणि कुठल्या बंदरावरच्या आहेत ते सांगता येत नव्हतं. चिंचेपाशी आल्यावर हाऱ्याची सावली थांबली. मथुरा वळली नाही. वळली असती तर आई लाजली असती.

मालिनीबाईंनी चष्म्यावरून एकदा पाहिलं, जांभळ्या डागाचंच लुगडं होतं आज, आणि म्हणाल्या, “श्रुतलेखन. समास सोडा.” मथुरा मागच्या रांगेत बसली. बाबल्या झोपला होता, त्याचा श्वास तिच्या मानेवर येत होता, जात होता. बाईंनी पहिलं वाक्य सांगितलं. खिडकीतून वारा आला. कागदाचा कोपरा उचलला गेला आणि मथुराचं काळीज सवयीने दचकलं, आणि तेवढ्यात कुठून तरी तिचा डावा हात आला. मांडीवरून उठला, डेस्कवर चढला आणि बोटं पसरून कागदावर बसला. ती लिहायची थांबून त्याच्याकडे बघत राहिली. वर्षाने बोटीवरून परतलेल्या बाबांकडे ती दारातून बघायची तशी, ओळख होती पण बोलायला सुचत नव्हतं. कागद फडफडला आणि निजला. मग तिने टाक दौतीत बुडवला.